तराजूकाकांचा फॉर्म

लाइनवाल्याने माझ्या टेबलावरचा फोन तिसऱ्यांदा उघडला, आतल्या तारांवर फुंकर मारली, परत बंद केला आणि म्हणाला, "बाई, फोन ठणठणीत आहे. तुम्हीच एकदा कान तपासून घ्या."

"माझे कान शाबूत आहेत. आवाज मला येतच नाही. समोरच्याला येतो."

"मग समोरच्याला सांगा तपासायला," असं म्हणून तो पिशवी उचलून चालता झाला. मी त्याच्या पाठीमागे बोटं मोडली. तसा त्याच्यावर माझा काही राग नव्हता. पण तो कुणावर तरी काढायला हवा होता, आणि त्या वेळी तोच हाताशी होता.

आमचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. तीन टेबलं, एक मॅनेजर आणि भिंतीवर विमानाचं एक चित्र, ज्यातलं आकाश उन्हाने विटून पांढरं झालंय. परदेशी जाणाऱ्यांचा प्रवासविमा आम्ही काढून देतो. तरुणांचं काम पलीकडच्या दोघी करतात, ते पाच मिनिटांचं असतं. साठीच्या पुढचे सगळे माझ्याकडे. सव्वीस वर्षं मी हेच करतेय, आणि तोंडाची फटकळ असले तरी म्हाताऱ्यांना मी आवडते. मी त्यांच्याशी लहान मुलांशी बोलल्यासारखं बोलत नाही, वेळ आली तर भांडते.

म्हाताऱ्यांच्या फॉर्ममध्ये एकोणीस प्रश्न असतात, सगळे आधीपासूनच्या आजारांचे. साखर, रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड, पडझड, चक्कर. फोनवर एकेक विचारायचा, उत्तर ऐकायचं आणि 'हो' नाहीतर 'नाही' लावायचं. एकही 'हो' लागलं की फॉर्म कंपनीच्या डॉक्टरकडे जातो. तो कागद मागवतो, आठ दिवस घेतो, हप्ता थोडा वाढवतो आणि बहुतेक वेळा मंजूर करतो. एवढं साधं आहे. पण लोकांना वाटतं 'हो' म्हटलं की गेलं विमान. म्हणून निम्मे लोक आजार लपवतात, आणि उरलेले निम्मे नातवाचं कौतुक सांगावं तसे आपल्या गुडघ्याचे एक्सरे सांगत बसतात.

आवाज सुरू झाला तो सातव्या प्रश्नावर. 'गेल्या बारा महिन्यांत दवाखान्यात भरती झाला होतात का? एखादं औषध बदललं, वाढलं का?' हा प्रश्न मी विचारला की पलीकडचं माणूस अडखळायचं.

पहिल्यांदा एक निवृत्त बसड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुमच्याकडे कुणीतरी घसा खाकरतंय."

"इथे कुणी नाही."

"आहे की. दोनदा खाकरतोय, थांबतोय, परत दोनदा. काहीतरी बोलायचंय त्याला."

मी हसण्यावारी नेलं. चार दिवसांनी दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, वय सत्तर, मुलाकडे निघालेल्या. त्यांनी सातव्या प्रश्नावर एकदम विचारलं, "तुम्ही कामात आहात का? नंतर करू का फोन? कुणीतरी आलंय ना तुमच्याकडे?" त्यानंतर आठवड्याला दोन-तीन तरी. पलीकडच्या दोघींकडे एकाचीही तक्रार नाही. लाइनवाला गेल्यावर मी एकीशी फोन बदलला, तर आवाज माझ्याबरोबर आला. मोबाइलवरून बोलून पाहिलं, तरी आला. खिडकीशी बसून पाहिलं, जिन्यात उभं राहून पाहिलं. ऊन लख्ख पडलेलं, खाली रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते जेवता जेवता म्हणाले, "खाई त्याला खवखवे."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"काही नाही. म्हण आहे."

मी ताट इतक्या जोरात ठेवलं की त्यांनी उरलेलं जेवण मान खाली घालून संपवलं. कारण खाल्लं कुणी होतं ते मला पक्कं माहीत होतं. दोनदा घसा साफ करून मग बोलणारा माणूस माझ्या सव्वीस वर्षांत एकच होता, आणि तो तीन महिन्यांपूर्वी परदेशातल्या एका दवाखान्यात वारला होता.

आम्ही त्यांना तराजूकाका म्हणायचो. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांची वजनंमापं तपासली, काटे सील केले. वय चौऱ्याहत्तर. दर वर्षी दोघं नवराबायको दोन महिने लेकीकडे परदेशी जायची, आणि नऊ वर्षं त्यांचा विमा मी काढत होते. नऊ वर्षांत भेट एकदाही नाही, सगळं फोनवर. पण मी त्यांना ओळखत होते. "अंहं, अंहं. ताई, रक्तदाब एकशे बेचाळीस नव्हे, एकशे चव्वेचाळीस. दुरुस्त करा." मी म्हणायची, "काका, दोनाने काय आभाळ कोसळतंय?" ते म्हणायचे, "दोनानेच कोसळतं. मी चाळीस वर्षं पाहिलंय." असा छळवादी माणूस. माझा लाडका छळवादी.

आमच्या कॉम्प्युटरवर एक बटण आहे. दर वर्षी येणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव घातलं आणि ते दाबलं, की मागच्या वर्षीची एकोणीस उत्तरं आपोआप येऊन बसतात. नियम असा, की तरीही प्रत्येक प्रश्न मोठ्याने विचारायचा, बदल असेल तो करायचा आणि मगच पुढे जायचं. हा नियम नव्या मुलींना मीच शिकवते. स्वतः मी आधी बटण दाबते आणि मग हवापाण्याच्या गप्पा मारते.

त्या मंगळवारी माझ्यापुढे चाळीस जणांच्या एका सहलीचं काम पडलं होतं. त्यातल्या एकाचाही पासपोर्ट नंबर धड लिहिलेला नव्हता. मॅनेजर दर दहा मिनिटांनी दारातून डोकं काढून "झालं का?" विचारत होता. दुपारचे दोन वाजून गेले, डबा तसाच. फोन वाजला.

"अंहं, अंहं. ताई, यंदा उशीर झाला मला. शुक्रवारचं विमान आहे. आणि यंदा फॉर्ममध्ये बदल आहे, लिहून घ्या."

"सांगा काका." मी त्यांचं नाव घातलं, बटण दाबलं.

"मागच्या महिन्यात चार दिवस भरती होतो. छातीत पाणी झालं होतं. आता बरा आहे. प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. जुनी एक गोळी बंद झाली, नव्या दोन सुरू झाल्यात. नावं अवघड आहेत, एकेक अक्षर सांगतो."

आणि ते सांगायला लागले. फोन माझ्या मानेत अडकवलेला, बोटं कॉम्प्युटरवर. ती टकटक त्यांना ऐकू जात असणार. त्यांना वाटलं असेल, बाई लिहून घेतायत. मी सहलीतल्या एकविसाव्या माणसाचा पासपोर्ट नंबर टाइप करत होते. अक्षर सांगून काका थांबायचे, मी "हं" म्हणायची, ते पुढचं सांगायचे.

नंतर लोकांना सांगायला मी एक कारण तयार केलं होतं. शुक्रवारचं विमान, फॉर्म डॉक्टरकडे गेला असता तर आठ दिवस, म्हातारा-म्हातारीची लेकीशी भेट हुकली असती, मला दया आली. कारण छान आहे. पण खोटं कशाला बोलू? दयाबिया काही नव्हती. मला भूक लागली होती आणि समोरचं काम उरकायचं होतं.

हल्ली सही फोनवरच होते. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर सहा आकडे येतात, ते त्याने सांगितले की झाली सही. काकांनी आकडे दोनदा वाचले. मग म्हणाले, "सगळं लिहिलंत ना?"

"हो काका. सगळं."

"नाही, म्हणजे मोतीबिंदू वाढलाय, बारीक अक्षर आता मला वाचता येत नाही. कागद लेकीकडे जाईल, ती कुठे बघत बसणार. तुमच्यावर सोडतो."

"सोडा. सव्वीस वर्षं झाली मला."

मग मी डबा उघडला.

तिथे गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. सातव्या दिवशी कंपनीने कळवलं: भरती झाल्याचं आणि औषधं बदलल्याचं लपवलं, सबब विमा रद्द. अकराव्या दिवशी काका गेले. काकू एकट्या परत आल्या. बिलाचं ओझं लेकीच्या डोक्यावर बसलं, तो भाग वेगळाच. पत्राची एक प्रत आमच्याकडे आली. मॅनेजरने ती वाचून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "तुमचे ते काका. लपवलं की हो त्यांनी." मी म्हटलं, "हो ना." एवढंच म्हटलं.

महिन्याभराने काकूंचा फोन आला. आवाज कोरडा, रडणं वगैरे काही नाही.

"ताई, एकच विचारते. ह्यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

बघा, देवाने किती सोपा प्रश्न दिला होता. उत्तर एका शब्दाचं. माझ्या घशाशी आलंही होतं. आणि मी म्हटलं, "काकू, फॉर्मवर 'नाही' असं आहे."

"म्हणजे सांगितलं नव्हतं."

"फॉर्मवर तरी नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले होते, सगळं सांगितलंय म्हणून." आणि त्यांनी फोन ठेवला.

ज्या माणसाला रक्तदाबातले दोन आकडे खपत नव्हते, त्याचं नाव त्याच्या बायकोच्या लेखी खोटारडा म्हणून पडलं, आणि ते मी पाडलं. माझ्या एका शब्दाने ते पुसलं गेलं असतं. पण अडीच वर्षांनी मी निवृत्त होणार आहे. परवाना गेला असता, वर चौकशी. मी गप्प बसले. त्यानंतर आठवड्याच्या आत तो बसड्रायव्हर म्हणाला, की तुमच्याकडे कुणीतरी घसा खाकरतंय.

पाच महिने मी तशीच काढली. सातवा प्रश्न आला की घाईघाईने उरकायची. चुकवून चालत नाही, पण इतक्या भरभर वाचायची की लोक "काय म्हणालात?" विचारायचे, आणि तो पुन्हा वाचावा लागायचा. रिकाम्या खुर्चीकडे पाहायची नाही असं ठरवलं होतं. माझ्या उजव्या हाताला एक खुर्ची असते, तिच्यावर मी पर्स आणि डबा ठेवते. एक दिवस पर्स जमिनीवर ठेवायला लागले. का, ते स्वतःलाही विचारलं नाही.

मग त्या आजींचा फोन आला. एक्क्याऐंशी वर्षांच्या, बहिणीला भेटायला निघालेल्या. आवाज मात्र कोवळ्या मुलीसारखा. पहिले सहा प्रश्न त्यांनी हसतखेळत सोडवले. सातवा विचारला आणि त्या गप्प झाल्या.

"आजी?"

"थांबा हं ताई. तुमच्या शेजारी ते गृहस्थ बसलेत ना, ते काहीतरी सांगतायत. आधी त्यांचं ऐकून घ्या. मी थांबते, मला काही घाई नाही."

एरवी मी म्हटलं असतं, इथे कुणी नाही. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "काय सांगतायत?"

"कसलीतरी अक्षरं. एकेक. मध्ये थांबतात, परत सांगतात. लिहून घ्या म्हणतायत."

"आजी, लाइनमध्ये बिघाड आहे."

"बिघाड कसला? अहो, इतक्या अजिजीने सांगतायत. घ्या ना लिहून, तुमचं काय जातंय?"

मी पेन उचललं. "कुठली अक्षरं?"

आजींनी एकापाठोपाठ एक पाच अक्षरं सांगितली, प्रत्येकानंतर जरा थांबून. मी प्रत्येक वेळी "हं" म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "आता काही ऐकू येत नाही बाई. दमले वाटतं. हं, माझं विचारा. भरती नाही, काही नाही. गुडघ्याची गोळी तेवढी वाढलीय."

त्यांचा फॉर्म मी पूर्ण केला, प्रत्येक प्रश्न सावकाश वाचून. गुडघ्याच्या गोळीचं 'हो' लावलं. मग ती चिठ्ठी घेऊन खाली उतरले. चष्म्याच्या दुकानाला लागून औषधाचं दुकान आहे. दुकानदाराने चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली.

"हे नाव अर्धंच आहे ताई. पण ह्या अक्षरांनी सुरू होणारी एकच गोळी आहे माझ्याकडे. हृदयाची. छातीत पाणी होतं ना, त्यावर देतात. कुणाला हवीय?"

"आता कुणालाच नको," मी म्हटलं आणि चिठ्ठी परत घेतली.

वर आले तेव्हा डोकं स्वच्छ होतं. भीती होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा लाज जास्त होती. मेलेला माणूस पाच महिने माझ्याशेजारी बसून तेच पाठ म्हणतोय, आणि मी पर्स कुठे ठेवू याचा विचार करतेय! मी कोरा कागद घेतला आणि कंपनीला पत्र लिहिलं. अमुक तारखेला अमुक गृहस्थांनी भरती झाल्याचं आणि दोन्ही औषधांची नावं मला फोनवर स्पष्ट सांगितली. मी ती नोंदवली नाहीत. चूक सर्वस्वी माझी.

मॅनेजरला दाखवलं. तो माझ्या मुलाच्या वयाचा आहे आणि माणूस वाईट नाही. त्याने दार लावून घेतलं.

"मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची. रेकॉर्डिंग नाही, साक्षीदार नाही. तुम्ही बोलला नाहीत तर काही झालंच नाही."

"झालंय."

"परवाना जाईल. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय तुम्ही. अडीच वर्षं राहिलीत फक्त."

"पाय माझा आहे."

"आणि ऑफिसचं नाव?"

"ऑफिसचं नाव दारावर आहे, ते कुठे जात नाही. ज्याचं गेलंय त्याचं बघू दे मला."

त्याने डोक्याला हात लावला. मी त्याच पावली पोस्टात गेले आणि पत्र रजिस्टर करून टाकलं. आधी काकूंकडे गेले असते तर वाटेत माघार घेतली असती. मी स्वतःला चांगली ओळखते. पोस्टाची पावती हातात घेऊनच त्यांच्या घरचा पत्ता शोधायला निघाले.

तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बेल वाजवली, म्हटलं, "काकू, मी विम्याच्या ऑफिसातून." त्या लगेच म्हणाल्या, "फॉर्मवाल्या ताई ना? आवाजावरून ओळखलं. ह्यांच्या फोनमधून घरभर ऐकू यायचा तुमचा आवाज." बाई ठेंगणी, ताठ, केस घट्ट बांधलेले. दाराशीच तीन खोकी भरून ठेवली होती. एकात शर्ट, एकात वह्या, एकात पितळी वजनं, मोठ्यापासून करंगळीएवढ्यापर्यंत.

"भंगारवाला येणार आहे," त्या म्हणाल्या. "मला ह्यांचं काही घरात नकोय. बसा."

मी बसले. पाणी दिलं त्यांनी. मी तोंड उघडण्याआधी त्याच बोलायला लागल्या. बऱ्याच दिवसांत कुणी ऐकणारं मिळालं नसावं.

"लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट सांगते तुम्हाला. माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानाचा काटा तपासला ह्यांनी. किलोला चाळीस ग्रॅम कमी. सील ठोकलं. आई पाया पडली हो जावयाच्या. नाही म्हणजे नाही. त्या चाळीस ग्रॅमपायी अकरा वर्षं माझं माहेर तुटलं. वडील गेले तेव्हा मला कुणी कळवलंसुद्धा नाही. मी गिळलं सगळं. का? तर म्हटलं, माणूस खरा आहे. दुसरं काही नसेल आपल्याकडे, पण खरा माणूस आहे. आणि शेवटी तोच माणूस स्वतःच्या वेळेला असा वागला! माझ्याशीसुद्धा. 'सांगितलंय मी सगळं' म्हणाला माझ्या तोंडावर. पन्नास वर्षांचा संसार, आणि मी कुणाबरोबर राहिले तेच मला कळेनासं झालंय."

"काकू," मी म्हटलं, "त्यांनी सांगितलं होतं."

त्यांनी मान वळवून दाराशी ठेवलेल्या खोक्यांकडे पाहिलं.

"मला सांगितलं होतं. मंगळवारी दुपारी, फोनवर. चार दिवस भरती, छातीत पाणी, दोन नव्या गोळ्या. अक्षर न् अक्षर सांगितलं. मी लिहिलं नाही. मी दुसरंच काम करत होते. 'सगळं लिहिलंत ना?' विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं. तुम्ही फोन केलात तेव्हाही मी खोटंच बोलले. आज कंपनीला लिहून दिलंय सगळं. ही पावती. काका एका अक्षराने खोटं बोलले नाहीत, काकू. खोटारडी मी आहे."

मला वाटलं होतं त्या मला घराबाहेर काढतील. दोन थोबाडीत देतील. मी तयारीने गेले होते, खरं तर ते झालं असतं तर बरंच वाटलं असतं. त्यांनी पावतीकडे पाहिलंही नाही. त्या भिंतीला धरून हळूहळू स्टुलावर बसल्या.

"तिथे दवाखान्यात," त्या म्हणाल्या, "कंपनीचा फोन आला तेव्हा मी बाहेर होते. लेकीने सांगितलं मला, बाबांनी लपवलं म्हणतायत. मी तशीच आत गेले. तोंडावर मास्क होता ह्यांच्या, बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, खोटारडे आहात तुम्ही. जन्मभर लोकांचे काटे तपासलेत आणि स्वतःचा काटा असला. हे मान हलवायला लागले. जोरजोरात. मास्क काढायला गेले, नर्सने हात धरले. मी म्हटलं, आता मान हलवून काय उपयोग."

मी पुढे केलेली पावती मागे घेतली.

"मग मी बोललेच नाही त्यांच्याशी. शेजारी बसायचे, पण तोंड फिरवून. त्यांनी हात पुढे केला, मी दिला नाही. तीन दिवस. म्हटलं, जरा कळू दे. घरी गेल्यावर बघू. चौथ्या दिवशी बोलायला कुणी नव्हतं."

माझ्या मानेवरचं ओझं मी इथे उतरवायला आले होते, आणि ते कुणाच्या मानेवर ठेवलं ते मला तेव्हा दिसलं. रडू आलं मला. "माफ करा काकू," एवढंच म्हटलं. किती तोकडं वाटलं ते!

"मी कुठून देऊ?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "मलाच हवीय ती."

मग त्या उठल्या. मला वाटलं पाणी प्यायला चालल्या. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं, कडी लागल्याचा आवाज आला. मी घाबरले. उठून दाराशी गेले, हाक मारणार तेवढ्यात आतून त्यांचा आवाज ऐकू आला. मला वाटलं लेकीला फोन लावलाय. पण त्यांचा फोन बाहेर टेबलावरच होता.

"अहो," त्या म्हणत होत्या, "अहो, ऐका ना."

हळू आवाजात, न थांबता त्या बोलत होत्या. लेकीचं, घराचं, भावाच्या दुकानाचं, शर्टांच्या खोक्याचं. तीन दिवसांत जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं. मध्येच थांबायच्या, एखादं माणूस सावकाश उत्तर द्यायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ. मला दाराबाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. मग त्या म्हणायच्या, "हो, कळलं मला. आता कळलं," आणि पुढचं सुरू करायच्या.

एकदा त्या बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "द्या. हात द्या इकडे."

मी पावती टेबलावर त्यांच्या फोनखाली ठेवली. भंगारवाला आला तर त्याला परत पाठवायला कुणीतरी हवं, म्हणून बाहेर पायरीवर बसून राहिले.